दुसऱ्याच्या तंट्यातील निवाडा व आपल्या उसाचा भाव

अनगोळपासून जिनिव्हा किती कोस दूर आहे, हे मोजण्याचे प्रयोजन आम्हांपैकी कोणास आजवर पडले नसेल. तथापि १४ डिसेंबर २०२१ रोजी त्या नगरात जागतिक व्यापार संघटनेच्या एका पंचमंडळाने जो निवाडा प्रसिद्ध केला, त्याचा विषय आमच्या शिवारातील ऊस हाच होता. ब्राझील, ऑस्ट्रेलिया व ग्वाटेमाला या तीन देशांनी २०१९ साली भारताविरुद्ध तक्रार गुदरली होती. त्यांचे म्हणणे असे की, भारत सरकार उसाला कायद्याने किमान भाव ठरवून देते, शिवाय साखरेच्या निर्यातीस साह्य करते, आणि या दोहोंमुळे इतर देशांच्या साखरेचे नुकसान होते. पंचमंडळाने ते म्हणणे बहुतांशी मान्य केले. २०१४-१५ पासून २०१८-१९ पर्यंतच्या पाचही हंगामांत भारताने उसाला दिलेला आधार उसाच्या एकूण उत्पादनमूल्याच्या दहा टक्क्यांच्या मर्यादेबाहेर गेला, असा ठपका त्यात ठेवलेला आहे.

या स्मरणिकेच्या वाचकांत साखर कारखानदार थोडे. किराणा, कापड, भांडी, लोखंड, खते व औजारे यांचे व्यापारी पुष्कळ. तरीही उसाचे बिल शेतकऱ्याच्या हाती केव्हा व किती पडते, यावर आम्हां सर्वांच्या खतावण्यांचा जमाखर्च अवलंबून असतो, हे येथे कोणास समजावून सांगावयास नको. संकेश्वर, उगार, निपाणी, चिकोडी येथील कारखान्यांनी बिल थकविले की रविवार पेठेतील उधारी थकते, आणि लग्नसराईचे कापड दुकानातच पडून राहते. निवाड्याच्या कक्षेतील पहिल्या हंगामाचा केंद्राने ठरविलेला भाव क्विंटलला २२० रुपये होता, अखेरच्या हंगामाचा २७५ रुपये. २०२५-२६ च्या हंगामासाठी तो ३५५ रुपये ठरला. मधल्या काळात उताऱ्याचा पाया बदलला आहे हे खरे. परंतु तेवढ्याने शेतकऱ्याचे समाधान झालेले नाही. २०२५ च्या नोव्हेंबरात आपल्याच जिल्ह्यातील ऊस उत्पादकांनी टनास ३५०० रुपये मिळावेत म्हणून रस्ते अडविले, ते आपण सर्वांनी पाहिले. एकीकडे शेतकरी म्हणतो की भाव अपुरा आहे, दुसरीकडे जिनिव्हा म्हणते की तो मर्यादेपेक्षा अधिक आहे, मध्ये व्यापारी.

आम्ही कायदेपंडित नव्हे. परंतु त्या निवाड्याविषयी जे वाचावयास मिळाले त्यातील एक गोष्ट आमच्या मनास विशेष लागली. भारताविरुद्धचा निर्णय केवळ भारताच्या कागदपत्रांवरून झालेला नाही. ज्या तंट्यांशी आमच्या उसाचा काडीमात्र संबंध नव्हता, अशा परक्या देशांच्या जुन्या तंट्यांतील निवाडे त्यात आधारास घेतले गेले आहेत. आंतरराष्ट्रीय न्यायालये व व्यापारी लवाद एकमेकांच्या निवाड्यांचे दाखले देतात, ही चाल आता सार्वत्रिक झाली आहे. ती योग्य की अयोग्य, आणि योग्य असल्यास कोणत्या अटीवर, याविषयी आमचे मत सभासदांपुढे ठेवावे एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आपल्या पेठेतील पंचायतीचा एक जुना प्रसंग आठवतो. पावसाळ्याच्या तोंडावर आलेल्या गुळाचे रवे पाझरलेले निघाले. पंचांनी चौकशी करून नुकसान माल पाठविणाऱ्याच्या माथी मारले, कारण त्याने भर पावसात उघड्या गाडीत माल भरल्याचे सिद्ध झाले होते. निवाडा योग्यच होता. पुढे दोनएक वर्षांनी तसाच दुसरा तंटा उभा राहिला, तेव्हा घेणाऱ्या व्यापाऱ्याने तोच निवाडा पंचांपुढे ठेवला: "गूळ भिजला तर तोटा पाठविणाऱ्याचा, हे आपणच ठरविले आहे." पंचांतील एका वयोवृद्ध गृहस्थांनी विचारले, "ते आम्ही कशावरून ठरविले, ते कोणी लिहून ठेवले आहे काय?" सुदैवाने ठेवले होते. वही काढली, कारण वाचले, आणि मग ध्यानी आले की या खेपेस गूळ भिजला तो घेणाऱ्याच्याच गळक्या गोदामात. जुना दाखला होता तसाच लावला असता तर निरपराध मनुष्य दंडित झाला असता. आणि तो मुळीच पाहिला नसता तर पंच आज एक व उद्या एक बोलतात, असा बोभाटा झाला असता. जिनिव्हा व हेग येथील थोर न्यायाधीशांपुढे जो प्रश्न आहे तो याहून फारसा निराळा नाही, असे आम्हांस वाटते.

लिखित नियम पाहू गेल्यास पूर्वीचा निवाडा कोणावरही बंधनकारक नाही. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या संविधीतील ५९ वे कलम स्पष्ट सांगते की, निवाडा त्या दाव्यातील पक्षकारांपुरता व त्या दाव्यापुरताच बांधून ठेवतो. जागतिक व्यापार संघटनेच्या अपील मंडळानेही १९९६ साली जपानच्या मद्यावरील कराच्या दाव्यात मान्य केले की, संघटनेने स्वीकारलेले जुने अहवाल तंट्याच्या पक्षकारांपलीकडे कोणास बांधत नाहीत; मात्र त्यांमुळे व्यापाऱ्यांच्या व देशांच्या मनात रास्त अपेक्षा निर्माण होतात, म्हणून ते विचारात घ्यावेत. हा विवेक आम्हांस पटतो. एकदा ठरलेला माप-तोल दर हंगामास बदलला तर व्यापार कसा चालावा?

आणि दाखला देण्याची ही चाल पुष्कळदा हिताची ठरली आहे. अमेरिकेने भारतीय लोकरी शर्ट-ब्लाउजांच्या आयातीवर निर्बंध घातला, त्याविरुद्ध भारत जिनिव्हास गेला. पुरावा देण्याचा भार कोणावर, हा प्रश्न त्यात निघाला. करारात त्याचे सरळ उत्तर नव्हते. तेव्हा १९९७ च्या निवाड्यात अपील मंडळाने हेगच्या न्यायालयासह इतर आंतरराष्ट्रीय न्यायमंडळांच्या परिपाठाचा आधार घेतला आणि जो एखादी गोष्ट सांगतो त्याने ती सिद्ध करावी, हा नियम व्यापारी तंट्यांसही लागू केला. कपड्याच्या गाठी विकणाऱ्यास जो न्याय आपल्या पेठेत मिळतो, तोच तेथे मिळाला.

दुसरे उदाहरण तर व्यापाऱ्यांनी मुद्दाम लक्षात ठेवावे असे आहे. कोस्टा रिका व निकाराग्वा या मध्य अमेरिकेतील दोन शेजाऱ्यांत सान हुआन नदीवरून १८५८ साली तह झाला. कोस्टा रिकाला त्या नदीतून 'कोमेर्सियो'साठी, म्हणजे व्यापारासाठी, नौका नेण्याचा हक्क मिळाला. दीडशे वर्षांनी वाद निघाला की, प्रवाशांची व पर्यटकांची ने-आण हा व्यापार होय की नव्हे. निकाराग्वाचे म्हणणे, तह झाला त्या काळी व्यापार म्हणजे मालाची देवघेव. हेगच्या न्यायालयाने १३ जुलै २००९ रोजी निर्णय दिला की, असा व्यापक शब्द योजणाऱ्यांनी त्याचा अर्थ काळाबरोबर वाढेल हे गृहीत धरलेले असते. म्हणून माणसांची वाहतूकही व्यापारच. त्याच वर्षाच्या डिसेंबरात चीनमधील पुस्तके व ध्वनिमुद्रणे यांच्या वितरणावरून जिनिव्हात निवाडा झाला, तेव्हा अपील मंडळाने या नदीच्या निर्णयाचा दाखला दिला. एका जुन्या नदीवरील होड्यांचा न्याय पाच महिन्यांत गाण्यांच्या विक्रीपर्यंत पोहोचला. 'व्यापार' या आपल्या शब्दाच्या पोटात काय काय मावते, हे आता दोन्ही न्यायपीठांत एकाच रीतीने वाचले जाते. यात आम्हांस लाभच दिसतो.

हेगचे न्यायालय स्वतः दीर्घकाळ आपल्याच निवाड्यांचे दाखले देत असे. इतरांची नावे क्वचितच घेई. जुन्या पेढीचा तोरा म्हणावा. तो हळूहळू उतरला. अहमदू सादियो डियालो नावाचा गिनी देशाचा एक व्यापारी १९६४ पासून काँगोत स्थायिक होता. थोर कंपन्यांकडे व सरकारकडे अडकलेली येणी वसूल करू गेला, तेव्हा त्यास तुरुंगात टाकून १९९६ साली देशाबाहेर घालविण्यात आले. गिनीने त्याच्या वतीने दावा केला. २०१२ साली भरपाईची रक्कम ठरविण्याची वेळ आली, तेव्हा न्यायालयाने युरोपीय व आंतर-अमेरिकी मानवी हक्क न्यायालये, समुद्रकायद्याचे न्यायाधिकरण, इराण-अमेरिका दावे न्यायाधिकरण इत्यादींचा परिपाठ पाहिला व ९५,००० डॉलर ठरविले. गिनीची मागणी त्याहून शंभर पटींहून अधिक होती. उधारी मागितल्याबद्दल देशोधडीस लागलेल्या माणसास एवढीच रक्कम पुरेशी होती काय, हा प्रश्न आमच्या मनात राहतोच. परंतु आकडा हवेतून काढलेला नाही, एवढे तरी म्हणता येते.

आपल्या प्रदेशाचाही या देवघेवीशी जुना संबंध आहे. दादरा व नगरहवेली येथे जाण्याच्या वाटेवरून पोर्तुगालने १९५५ साली भारतास हेगच्या न्यायालयात खेचले. त्या दाव्यात पेशवाईतील १७७९ चा तह व त्यानंतरच्या सनदा न्यायाधीशांपुढे आल्या, आणि मराठ्यांनी पोर्तुगीजांस दिले ते राज्य की केवळ वसूल, याचा खल झाला. १२ एप्रिल १९६० च्या निवाड्यात न्यायालयाने ठरविले की ते वसुलाचेच दान होते, जहागीर वा सरंजाम या स्वरूपाचे. मराठी दप्तरातील 'सरंजाम' हा शब्द अशा रीतीने जगाच्या न्यायपीठावर चढला. तसेच खासगी इसम, मुलकी अधिकारी व सर्वसाधारण माल यांना वाट देण्याचा दीर्घ परिपाठ होता, म्हणून तेवढा हक्क मान्य झाला. फौज, सशस्त्र पोलीस व दारूगोळा यांना नाही. भारताने वाट अडविली त्यात काही चूक नव्हती असेही न्यायालयाने म्हटले. तथापि प्रथा ही दोनच देशांत असू शकत नाही, हा भारताचा युक्तिवाद मात्र त्याने फेटाळला. तेव्हापासून दोन शेजाऱ्यांमधील स्थानिक प्रथेचा विषय निघाला की कायद्याच्या ग्रंथांत हा दाखला येतोच. आमच्या सीमेवरील तंटा दुसऱ्यांच्या तंट्यांना आधार झाला. मग दुसऱ्यांचा तंटा आमच्या उसाला लागू झाला, तर केवळ परका म्हणून त्यास नाकारता येणार नाही, हे आम्ही प्रांजळपणे मान्य करतो.

आता उसाकडे वळू. भारताचा मुख्य बचाव व्यापाऱ्यास तत्काळ समजण्यासारखा होता. उसाचा भाव सरकार ठरविते, पण पैसे कारखाना देतो. सरकारच्या तिजोरीतून दमडी जात नाही. मग यास सरकारी आधार कसे म्हणावे? पंचमंडळाने हे मानले नाही. कृषिकराराच्या तिसऱ्या परिशिष्टात जो हिशेब दिला आहे तो असा: सरकारने ठरविलेला भाव घ्यावा, त्यातून ठराविक आंतरराष्ट्रीय भाव वजा करावा, आणि त्या भावास पात्र असलेल्या मालाने गुणावे. यातील 'पात्र माल' म्हणजे काय, याचा प्रमुख जुना दाखला कोरियाचा आहे, आणि तो गोमांसाच्या खरेदीविषयीचा आहे. विषय आमच्या वाचकांस अप्रिय आहे, हे आम्ही जाणतो. न्यायाचा दाखला मात्र जेथे असेल तेथून उचलावा लागतो. त्या दाव्यात डिसेंबर २००० मध्ये अपील मंडळाने म्हटले की, प्रत्यक्ष खरेदी किती झाली हे पाहू नये, जाहीर भावाने विकला जाण्यास किती माल पात्र होता हे पाहावे.

येथे आमचा आक्षेप आहे, आणि तो गुळाच्या त्या दुसऱ्या तंट्यासारखाच आहे. कोरियात भाव जाहीर करणारे व खरेदी करणारे सरकारच होते. उसात खरेदीदार कारखाना असून सरकार केवळ भाव सांगते. हा भेद किरकोळ की महत्त्वाचा, यावर प्रामाणिक मतभेद संभवतो. कराराचे शब्द पाहता पंचमंडळाची बाजू अगदीच लंगडी आहे असे आम्ही म्हणणार नाही. परिशिष्टातील हिशेबात तिजोरीतून पैसा गेलाच पाहिजे अशी अट आढळत नाही. पण ज्या आंतरराष्ट्रीय भावाशी तुलना करावयाची तो १९८६ ते १९८८ या तीन वर्षांच्या सरासरीचा आहे! तीस वर्षांपूर्वीच्या वहीतील दर आजच्या मालास लावून कोणी आमच्याकडे बाकी काढली, तर आम्ही ती वही त्याच्या हातात परत देऊ. हा दोष न्यायाधीशांचा नसून करार करणाऱ्यांचा आहे, हे ध्यानात ठेवून बोलले पाहिजे.

दाखल्याचा मान राखणे आणि दाखल्यापुढे मान तुकविणे यांत अंतर आहे. २००८ साली मेक्सिकोने अमेरिकेविरुद्ध आणलेल्या स्टेनलेस स्टीलच्या दाव्यात खालच्या पंचमंडळाने अपील मंडळाचे जुने मत जाणूनबुजून बाजूस ठेवले, तेव्हा अपील मंडळाने त्यास समज दिली आणि सबळ कारणावाचून त्याच कायदेशीर प्रश्नाचे उत्तर पुन्हा तेच दिले जावे, असे सांगितले. नियमात नसलेले बंधन असे व्यवहारात आले. अमेरिकेस ते खपले नाही. अपील मंडळ आपले निवाडे कायद्यासारखे लादते, ही तिच्या तक्रारींपैकी एक मोठी तक्रार झाली आणि तिने नव्या सभासदांच्या नेमणुका अडवून धरल्या. सातांच्या त्या मंडळात एक अपील ऐकावयास तिघे लागतात. १० डिसेंबर २०१९ नंतर एकच उरला, आणि ३० नोव्हेंबर २०२० रोजी त्याचीही मुदत संपली. अमेरिकेचे वर्तन आम्हांस मान्य नाही. पटत नाही म्हणून पंचांची गादीच उचलून नेणे हा न्याय नव्हे. परंतु अपील मंडळाने जुन्या निवाड्याविषयी थोडा अधिक मोकळेपणा ठेवला असता, तर त्या तक्रारीस एवढे बळ आले नसते, असेही आम्हांस वाटते.

याचा परिणाम आमच्या उसावर असा झाला. भारताने निवाड्याविरुद्ध अपील केले, पण ते ऐकावयास गादीवर कोणीच नाही. अपील निकालात निघाल्याशिवाय अहवाल स्वीकारला जात नाही, म्हणून भारतावर त्याची अंमलबजावणी करण्याचे बंधन नाही. आपल्यातील काही मित्र यास विजय समजतात. हुंडी सकारलीही नाही व परतही केली नाही, अशा अवस्थेत कोणता सराफ निर्धास्त झोपेल? १९९६ च्या ज्या निवाड्याचा आम्ही वर उल्लेख केला, त्यातच असेही म्हटले आहे की, न स्वीकारलेल्या अहवालास कायदेशीर दर्जा नसला, तरी त्यातील युक्तिवाद उपयुक्त वाटल्यास पुढील मंडळास तो विचारात घेता येतो. म्हणजे उद्या एखाद्या अन्य देशाच्या भाताचा किंवा कापसाचा तंटा निघाला, तर आमच्या उसाचा हा अपुरा निवाडा तेथे दाखला म्हणून उभा राहू शकतो, आणि तेथून अधिक वजन घेऊन आमच्याकडे परत येऊ शकतो. तक्रारदार तिन्ही देशांनी २०२० मध्ये आपसांत लवादाची जी तात्पुरती अपील-व्यवस्था उभारली, तिच्यात भारत सामील नाही. तेथे होणाऱ्या निवाड्यांत आमचा शब्द नसेल, पण त्यांचे दाखले मात्र आमच्याविरुद्ध येऊ शकतील.

आमच्या धर्मशास्त्रात नयाची कल्पना आहे. एका बाजूने पाहून केलेले विधान तेवढ्या बाजूपुरते खरे असते. निवाड्याचेही तसेच होय. म्हणून आमचे मत असे की, दुसऱ्या न्यायपीठाचा दाखला जरूर द्यावा, पण तो निवाड्यात प्रथमच प्रकट होऊ नये. पक्षकारांपुढे आधी ठेवावा, त्यावर त्यांस बोलू द्यावे, आणि मूळ तंट्यात कोणती वस्तुस्थिती होती व येथे कोणती आहे, हे न्यायाधीशाने लिहून दाखवावे. असे न केल्यास ज्याला त्या पहिल्या तंट्यात तोंड उघडण्याची संधीच नव्हती, त्याला त्याचा दंड भरावा लागतो.

संधी मुळीच नसते असेही मात्र नाही, आणि येथे दोष थोडा आमच्याकडेही येतो. जिनिव्हाच्या नियमांत ज्या देशाचे हितसंबंध गुंतले असतील त्यास दुसऱ्यांच्या तंट्यात त्रयस्थ पक्ष म्हणून आपले म्हणणे मांडता येते. युरोपच्या साखरेविरुद्ध ऑस्ट्रेलिया, ब्राझील व थायलंड यांनी आणलेल्या दाव्यात भारत असाच त्रयस्थ पक्ष होता. तेथे भारतातून सवलतीने येणाऱ्या साखरेएवढ्या मालाची युरोपने केलेली साह्ययुक्त निर्यातही वादात होती, आणि २००५ साली युरोप हरला. त्या वेळी हारतुरे वाटणाऱ्या ऑस्ट्रेलिया व ब्राझील यांनीच चौदा वर्षांनी आमच्यावर फिर्याद केली. सरकारने असे हक्क वापरावेत हे खरे. पण सरकारच्या वकिलाने तेथे बोलावे तरी कशाच्या आधारावर? गाळपाचे खरे आकडे, वाहतुकीचा खर्च, बिले किती दिवस थकली, थकलेल्या बिलांवर शेतकऱ्याने कोणत्या व्याजाने उचल घेतली, त्या काळात पेठेतील विक्री किती घटली, ही माहिती दिल्लीत नाही. ती आमच्या वह्यांत आहे. येथे बेळगावात निजलिंगप्पा साखर संस्था आहे, तिच्याकडे उताऱ्याची व प्रक्रियेची विद्या आहे. व्यापारी बाजू मांडणारे मात्र कोणी नाही.

ज्या सभासदांची उसाच्या गावांशी उधारीची देवघेव आहे, त्यांनी २०१४-१५ पासूनच्या हंगामवार थकबाकीचे आकडे, ग्राहकांची नावे वगळून, एका कागदावर काढून कार्यालयात द्यावेत, अशी आमची विनंती आहे. असे शंभर कागद जमले तर वाणिज्य मंत्रालयाकडे पाठविण्याजोगे एक निवेदन तयार होईल. येत्या गळीत हंगामापूर्वी ते काम व्हावे. दिवाळीच्या वहीपूजनास जुन्या वह्या बासनात बांधल्या की पुन्हा त्या कोणी सोडीत नाही, हा आपला सर्वांचाच अनुभव आहे.